वाचक विचारतात : जपानमधल्या फ्रेंच पावाच्या दुकानात जाताना

जपानला जाणाऱ्या किंवा तिथे राहणाऱ्या वाचकांकडून तिथल्या बेकऱ्यांविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे जागेअभावी थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई टोकियोच्या निशी-कासाई भागात राहतात आणि आम्ही दोघे लवकरच त्यांच्याकडे जाणार आहोत. तिथल्या फ्रेंच पद्धतीच्या बेकऱ्या पाहायलाच हव्यात असा मुलीचा आग्रह आहे. एवढ्या लांब जपानला जाऊन फ्रेंच पाव कशासाठी खायचा, असे आमच्या यजमानांचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : आपल्या यजमानांची शंका रास्त आहे, तरीही मी मुलीच्या बाजूने कौल देईन. फ्रेंच पाव जपानमध्ये काल-परवा आलेला नाही. टोकियोतल्या सेकिगुची इथल्या कॅथलिक चर्चने आपल्या अनाथालयातल्या मुलांच्या हाती एखादा हुन्नर असावा म्हणून १८८८ साली फ्रेंच पद्धतीचा पाव भाजायला सुरुवात केली आणि सेकिगुचीचे नाव लावणारी ती बेकरी आजही चालू आहे. क्योटोमध्ये १९१३ साली शिनशिन्दो ही बेकरी काढणारे त्सुझुकी हितोशी हे १९२४ साली पावाचे शिक्षण घेण्यासाठी थेट पॅरिसला गेले होते. त्या काळी बोटीने होणाऱ्या त्या प्रवासाचा विचार केला म्हणजे त्यांच्या ध्यासाची कल्पना येते.

अर्थात ही उदाहरणे अपवादात्मक होती. सर्वसामान्य जपानी माणसाच्या ओळखीचा पाव मऊ होता. गिन्झामधल्या किमुराया बेकरीने १८७४ साली काढलेला, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे गोड पुरण भरलेला आनपान, न्याहारीचा चौकोनी शोकुपान आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठाचा, शाळेच्या जेवणात मिळणारा लांबट कोप्पेपान हे सगळे पाव दाताला कसलाही त्रास न देणारे. कडक कवचाचा, नुसत्या पीठ-पाणी-मीठ-यीस्टचा पाव लोकांच्या गळी उतरवणे सोपे नव्हते.

ते काम प्रामुख्याने दोन फ्रेंच माणसांनी केले. रेमों काल्व्हेल हे पावाच्या शास्त्राचे नामांकित अध्यापक १९५४ साली पहिल्यांदा जपानला आले आणि त्यांनी तिथल्या बेकरी-कारागिरांना फ्रेंच पाव करून दाखवला. पुढे ते पुन्हापुन्हा येत राहिले. त्यांच्या सांगण्यावरून फिलिप बिगो हा २२ वर्षांचा तरुण १९६५ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय व्यापार प्रदर्शनात आला आणि लोकांच्या डोळ्यांदेखत बॅगेट हा लांब, कडक कवचाचा पाव भाजू लागला. कोबे शहरात १९०५ पासून पाव करणाऱ्या दोंक या बेकरीने त्याला आपल्याकडे घेतले आणि १९६६ साली टोकियोच्या आओयामा भागात दुकान उघडले. तिथे अक्षरशः रांगा लागल्या आणि पिशवीतून लांब पाव डोकावत असलेला घेऊन रस्त्याने जाणे ही तरुण मंडळींमध्ये एक फॅशन झाली. १९६९ साली निश्शिन या पीठ कंपनीने खास फ्रेंच पावासाठी ‘लिस्दोर’ नावाचे पीठ बाजारात आणले, तेव्हा हा पाव जपानमध्ये स्थिरावला असे म्हणायला हरकत नाही. बिगो पुढे मायदेशी परतले नाहीत. ओसाका आणि कोबे यांच्या मधल्या आशिया या गावी त्यांनी १९७२ साली स्वतःचे दुकान काढले, अनेक जपानी शागीर्द घडवले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

या मेहनतीचे फळ जगाने पाहिले आहे. पॅरिसमध्ये भरणारी बेकरीची विश्वचषक स्पर्धा जपानच्या संघाने २००२ आणि २०१२ अशी दोनदा जिंकली. या स्पर्धेत बॅगेट आणि अन्य फ्रेंच पावांची कसोटी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते. तेव्हा यजमानांना सांगावे की, साठ-सत्तर वर्षे निष्ठेने जोपासलेली जपानची एक कारागिरी आपण पाहायला जात आहोत.

माझी एकच विनंती आहे. दुकानात शिरल्यावर साखर भुरभुरलेल्या, फळांनी सजवलेल्या पदार्थांकडे नजर आधी जाणारच. परंतु पहिली खरेदी साध्या बॅगेटची करावी. त्यात लोणी नाही, दूध नाही, साखर नाही, म्हणजे कारागिराला लपायला जागाच नाही. पीठ किती वेळ आंबवले, भट्टी किती तापली होती, पात्याने चिरा कशा दिल्या, हे सगळे त्या एका पावात दिसते. चांगल्या दुकानात तो साधारण ३०० ते ४०० येनला मिळतो. टोकियोत राहणार असल्याने शिबुयातले विरों हे दुकान आपल्याला सहज गाठता येईल. ते फ्रान्समधल्या शार्त्र् शहराजवळच्या गिरणीचे पीठ वापरते आणि पॅरिसच्या चवीशी इमान राखते. तिथून फार लांब नसलेल्या तोमिगाया भागात लव्हें हे छोटे दुकान आहे. तिथे जपानी गहू आणि घरी जोपासलेले आंबवण वापरून केलेले मोठे, गडद पाव वजनावर कापून देतात. हे दोन पाव एकाच दिवशी आणून शेजारी-शेजारी ठेवून खाल्ले तर एकाच परंपरेच्या दोन वाटा लक्षात येतील. अशी दुकाने आठवड्यातून एक-दोन दिवस, तेही बहुधा शनिवार-रविवार सोडून, बंद असतात; मुलीला आधी चौकशी करायला सांगावे.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, माझ्या सासूबाई अंडेही खात नाहीत. जपानी बेकरीत आम्हांला खाण्याजोगे काही मिळेल का, की नुसते पाहून परत यावे लागेल?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : निश्चित मिळेल, पण सावधपणे निवडावे लागेल, आणि इथेही साधा पावच आपल्या कामी येईल. पारंपरिक बॅगेट, त्याचा आखूड व जाड भाऊ शोभणारा बातार आणि गोल बूल हे एकाच प्रकारच्या कणकेचे असतात. त्यांत पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच असते, फार तर मोड आणलेल्या सातूचा माल्ट किंचित घातलेला असतो. राय या धान्याचे पीठ घातलेला कांपान्य हा पाव आणि अक्रोड किंवा मनुका घातलेले कडक पावही बहुधा चालण्यासारखे असतात. मात्र ‘सेमी-हार्ड’ म्हणून मांडलेल्या पावांत दुधाची पावडर किंवा लोणी असू शकते. सासूबाईंना दूध चालत असेल तर काळजी नाही.

क्रोआसाँ या पापुद्र्यांच्या, चंद्रकोरीसारख्या पावाच्या बाबतीत फसगत होण्याचा संभव असतो. आत अंडे नसले तरी वरची चकाकी बहुतेक वेळा अंड्याच्या हाताने येते. ब्रिऑश या मऊ, गोडसर पावामध्ये तर अंडे भरपूर असते आणि मनुकांच्या गुंडाळीत कस्टर्ड असते, म्हणजे पुन्हा अंडे. गव्हाच्या लोंबीसारखा कापलेला एपी हा पाव फ्रान्समध्ये साधा असतो. जपानमध्ये त्यात बहुधा बेकन भरलेले असते, आणि भाजल्यावर ते बाहेरून पटकन दिसत नाही. ऑलिव्ह घातलेला चपटा फुगास पाहून तो शाकाहारी असणार असे आपण गृहीत धरतो, पण त्यात कधीकधी बारीक अँचोव्ही मासे असतात. बॅगेटला मधोमध चीर देऊन आत गुलाबीसर लोणी भरलेले दिसले तर ते मेंताइको, म्हणजे तिखट-खारवलेली माशाची अंडी आहेत, हे ध्यानात ठेवावे. बटाट्याच्या भाजीची आठवण करून देणारा तळलेला करीपान आपल्या मंडळींना हमखास खुणावतो. त्याच्या सारणात बहुतेक ठिकाणी मांस असते.

याहून सूक्ष्म गोष्टी म्हणजे कणकेतली डुकराची चरबी, क्रीममधले जिलेटिन आणि चीज करताना दूध साकळवण्यासाठी वापरलेले प्राणिज रेनेट. दुकानातच भाजून तिथेच विकलेल्या पावाला छापील पाकिटासारखी संपूर्ण यादी लावण्याचे बंधन नसते. तरीही बऱ्याच बेकऱ्या किमतीच्या पाटीवर गहू, दूध, अंडे अशी ॲलर्जीकारक घटकांची चिन्हे देतात, आणि अंड्यापुरता त्या चिन्हांचा चांगला उपयोग होतो. मांसाची आणि चरबीची चौकशी मात्र तोंडीच करावी लागते. ‘व्हेजिटेरियन’ एवढेच विचारून भागत नाही, कारण बेकन किंवा रस्सा हे समोरच्याच्या मनात ‘मांस’ या सदरात येतीलच असे नाही. एकेका पदार्थाचे नाव घेऊन विचारावे. ‘निकु वा हाइत्ते इमासु का’ म्हणजे यात मांस आहे का. ‘निकु’च्या जागी अंड्यासाठी ‘तामागो’, बेकनसाठी ‘बेकोन’, चरबीसाठी ‘रादो’ म्हणावे. जपानी येणाऱ्या कोणाकडून हे प्रश्न एका कार्डावर लिहून घेतले तर फारच उत्तम. दुकानातली मुलगी ते कार्ड आत भटारखान्यात नेऊन विचारून येते, असा माझा अनुभव आहे, आणि शंका असेल तेव्हा ती स्पष्टपणे नको म्हणून सांगते. त्या नकाराचा राग मानू नये.

चिमटे आणि सुरी सर्व पदार्थांना एकच असतात, याची कल्पना सासूबाईंना आधी द्यावी. त्यांना ते चालणार नसेल तर काउंटरमागे टोपलीत उभा ठेवलेला अख्खा बॅगेट, न कापता, कागदात गुंडाळून घ्यावा आणि घरी आणून आपल्या सुरीने कापावा. घरच्या लोण्याबरोबर किंवा सोबत नेलेल्या लिंबाच्या गोड लोणच्याबरोबर तो इतका छान लागतो की सासूबाई दुसऱ्या दिवशी स्वतःहून मागतील.

प्रश्न : मुलाबरोबर जपानला जात आहे. तिथे दुकानात वागण्याचे फार काटेकोर नियम असतात असे ऐकले आहे. बेकरीत नेमके कसे वागायचे?
— एक ज्येष्ठ वाचक, कोल्हापूर

उत्तर : धास्ती बाळगण्याचे कारण नाही, रीत एकदा समजली की सगळे सोपे असते. दाराजवळ तबके आणि चिमटे रचलेले असतात. एका हातात तबक, दुसऱ्या हातात चिमटा घ्यावा आणि फळीवरचा हवा तो पाव हळूच उचलून तबकात ठेवावा. पावाला बोट लावू नये, ताजा आहे का हे पाहण्यासाठी दाबू नये आणि एकदा तबकात घेतलेला पाव परत फळीवर ठेवू नये. लहान मुले बरोबर असतील तर त्यांचे हात आपल्या हातात असावेत, कारण खालच्या फळ्या नेमक्या त्यांच्या उंचीवर येतात. गर्दीच्या वेळी लोक एका दिशेने फळ्यांच्या कडेने सरकत असतात. मागे वळण्याऐवजी एक फेरी पूर्ण करून पुन्हा यावे. फ्रेंच वळणाच्या काही छोट्या दुकानांत मात्र तबके नसतात, सर्व पाव काचेमागे असतात आणि आपण नुसते बोट दाखवायचे असते.

पैसे देण्याच्या ठिकाणी जे घडते ते पाहण्यासारखे आहे. विक्रेती तबकातला एकेक पाव उचलते. मऊ पाव वेगवेगळ्या पातळ पिशव्यांत घालते, कडक पाव कागदात ठेवते, क्रीमचा पदार्थ सगळ्यांत वर येईल अशा बेताने मोठ्या पिशवीत रचते, आणि हे सर्व करताना तोंडाने किमतीही सांगत असते. पाच-सहा पाव असले तरी मिनिटभरात काम उरकते, आणि घरी पोचेपर्यंत एकाही क्रोआसाँचा पापुद्रा दबलेला नसतो. मला स्वतःला या बांधणीचे फार अप्रूप वाटते. बॅगेट लांब असल्यामुळे तो मधोमध कापून देऊ का, असे ती विचारते. लगेच खायचा असेल तर होकार द्यावा. संध्याकाळसाठी नेत असाल तर अख्खाच घ्यावा, कारण कापलेली बाजू लवकर सुकते. भट्टीतून नुकताच निघालेला पाव यंत्रावर कापून मिळत नाही. तो आतून अजून ओला असतो आणि कापताना चिरडतो.

इथेच खाणार की नेणार, हाही प्रश्न येईल. त्यामागे हिशेबाचे कारण आहे : ऑक्टोबर २०१९ पासून नेण्याच्या खाद्यपदार्थावर ८ टक्के आणि दुकानात बसून खाल्ल्यास १० टक्के उपभोग कर लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीचे जुलै २०२० पासून वेगळे पैसे पडतात, म्हणून आपली कापडी पिशवी जवळ असू द्यावी. काही जुनी दुकाने फक्त रोख घेतात; पैसे हातात न देता समोरच्या छोट्या ताटलीत ठेवावेत.

वेळेचे म्हणाल तर, कोणता पाव किती वाजता भट्टीतून निघेल याची पाटी अनेक दुकानांत लावलेली असते. बॅगेट बहुधा सकाळी उशिरा आणि पुन्हा दुपारनंतर निघतो. आपल्याला सवड असेल तर त्या वेळी मुद्दाम जावे आणि काउंटरजवळ क्षणभर थांबावे : गरम कवच थंड हवेत आकसताना त्याला बारीक तडे जातात आणि टोपलीतून तडतड असा आवाज येत राहतो. फोटो काढण्यापूर्वी ‘शाशिन, इइ देसु का’ असे विचारावे. रस्त्याने चालता-चालता खाणे तिथे बरे दिसत नाही. जवळच्या बागेतल्या बाकावर बसून खाल्ले तर कोणाची हरकत नसते.

प्रश्न : मी मूळचा मडगावचा, पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, उंड्यांवर आणि पोळींवर (कोंड्याच्या पावांवर) वाढलेला, सध्या कामानिमित्त जपानमध्ये आहे. जूनमध्ये एका मोठ्या दुकानातून बॅगेट आणला, तर रात्रीपर्यंत त्याचे कवच चिवट झाले आणि आतला भाग अगदी पांढरा, बेचव लागला. जपानी लोकांना हा पाव खरेच जमतो का?
— एक वाचक

उत्तर : आपल्या तक्रारीचे दोन भाग वेगळे करायला हवेत, कारण पहिल्यात बेकरीचा दोष नाही आणि दुसऱ्यात कदाचित आहे.

जूनमध्ये टोकियोच्या परिसरात पावसाळी हवा असते. आतल्या ओलसर भागातून पाणी कवचाकडे सरकते, बाहेरची दमट हवा त्यात भर घालते आणि कुरकुरीत कवच चिवट होते; मडगावच्या पावसाळ्यात पोदेराकडचा सकाळचा पाव दुपारी कसा होतो, हे आपल्याला सांगायला नको. पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला असेल तर हे अधिकच लवकर घडते. म्हणून त्याच दिवशी खायचा पाव कागदातच राहू द्यावा. उरलेला फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये, कारण शून्य अंशाच्या थोड्या वरच्या तापमानाला पावातला स्टार्च सर्वांत वेगाने घट्ट होतो आणि पाव शिळा लागतो. त्याऐवजी तुकडे करून, घट्ट गुंडाळून, फ्रीझरमध्ये टाकावेत. खाण्यापूर्वी कवचावर पाण्याचा हलका हबका मारून ओव्हन-टोस्टरमध्ये सुमारे २०० अंशांवर चार-पाच मिनिटे तापवावेत. कवच पुन्हा वाजू लागते. हे एकदाच जमते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा काढावा.

पांढऱ्या, बेचव गराविषयीची आपली तक्रार मात्र मला मान्य आहे. गव्हाच्या पिठात मुळात पिवळसर रंगद्रव्ये असतात. यंत्रावर कणीक फार वेळ, फार जोरात मळली की हवेतल्या ऑक्सिजनमुळे ती नाहीशी होतात, पाव फुगून मोठा दिसतो, पण त्याचा रंग आणि त्याबरोबर चव गेलेली असते. हा दोष फ्रान्समध्येही बोकाळला होता आणि त्याविरुद्ध सर्वांत पोटतिडकीने बोलणारे गृहस्थ म्हणजे वर उल्लेख केलेले काल्व्हेलच. १९७४ साली त्यांनी पीठ आणि पाणी एकत्र करून, पुढचे मळण्याआधी काही वेळ तसेच विसावू देण्याची पद्धत मांडली. त्यामुळे कणीक आपोआप जुळते, मळणे कमी लागते आणि गर मलईच्या रंगाचा राहतो. जपानमधले निष्ठावान कारागीर हीच वाट धरतात, यीस्ट अगदी थोडे घालतात आणि कणीक थंड जागी रात्रभर आंबू देतात. मोठ्या खपाच्या दुकानाला हा वेळ परवडत नाही.

चांगले कारागीर किती खोलात जातात याचे एक उदाहरण देतो. जपानमधले पाणी बहुतेक ठिकाणी मृदू असते, आणि मृदू पाण्यात कणीक ढिली पडते. म्हणून तिथले कित्येक बेकर फ्रान्समधून येणारे कोंत्रेक्स हे अतिशय जड खनिजयुक्त पाणी, ज्याच्या एका लिटरची कठीणता सुमारे १४६८ मिलिग्रॅम असते, नळाच्या पाण्यात मोजून मिसळतात. याउलट, हारुयोकोई किंवा युमेचिकारा अशा होक्काइदोच्या गव्हांचा पाव करणारे म्हणतात की, आपले पाणी आणि आपला गहू जसा आहे तसा पाव व्हावा. या दुसऱ्या पावाचा गर अधिक ओलसर आणि लवचिक असतो. मला तो फार आवडतो. आपल्याला, पोळीची सवय असल्यामुळे, कदाचित गर्द भाजलेला, राय किंवा कोंड्याचे पीठ घातलेला कांपान्य अधिक जवळचा वाटेल.

पुढच्या वेळी मोठे दुकान सोडून, जिथे भट्टी दुकानातच आहे आणि कडक पावांना निदान एक अख्खी फळी दिलेली आहे, असे छोटे दुकान शोधावे. पाव घेताना कवचाचा रंग गडद सोनेरी-तपकिरी आहे का आणि चिरेची एक कड उचलून पातळ, करपट धार आलेली आहे का, ते पाहावे. घरी कापल्यावर आतली छिद्रे लहान-मोठी, अनियमित आणि गर पिवळसर दिसला तर पाव जमला आहे असे समजावे. सगळी छिद्रे एकसारखी बारीक आणि गर कापसासारखा पांढरा असेल, तर त्या दुकानातून शोकुपान घ्यावा, बॅगेट दुसरीकडून आणावा.